शेवटचे वीस मिलिग्रॅम

हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध देणाऱ्या अमेरिकेतल्या दवाखान्यांची दारं भल्या पहाटे उघडतात, कारण बहुतेकांना डोस घेऊन कामावर जायचं असतं. रांगेत सुतार असतो, बसचालक असतो, मुलाला शाळेत सोडायच्या घाईत असलेली आई असते. खिडकीशी जायचं, नर्सने मोजून दिलेलं औषध तिच्या देखत प्यायचं, वर घोटभर पाणी प्यायचं आणि मग दोन शब्द बोलायचे. 'थँक यू' म्हणा, 'बाहेर पाऊस आहे' म्हणा, काहीही चालतं. माणूस बोलला की औषध गालात धरून ठेवलेलं नाही याची तिला खात्री पटते.

या रांगेतल्या माणसांना घरचं कुणी ना कुणी एकच प्रश्न विचारत असतं: हे तुझं कधी सुटणार? प्रश्न मायेतून येतो, पण त्यात एक घाई असते आणि ती घाई धोक्याची आहे. मेथाडोन सोडताना जो त्रास होतो त्याची सगळ्यांना धास्ती असते. प्रत्यक्षात त्या त्रासाने माणूस क्वचितच दगावतो. त्रास सरतो, चेहऱ्यावर तजेला येतो, घरचे पेढे वाटायच्या विचारात असतात, तेव्हा खरा धोका सुरू होतो.

हे असं का, ते समजायला औषधाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत हेक्स्टच्या प्रयोगशाळेत माक्स बॉकम्यूल आणि गुस्ताव एर्हार्ट हे दोन रसायनशास्त्रज्ञ अफूशिवाय बनवता येईल असं वेदनाशामक शोधत होते. त्यातून हे औषध निघालं. युद्धानंतर त्याची माहिती अमेरिकेच्या हाती गेली आणि एली लिली कंपनीने ते 'डोलोफीन' या नावाने बाजारात आणलं. अडॉल्फ हिटलरच्या नावावरून हे नाव ठेवलं अशी एक दंतकथा अजून फिरते. नाव ठेवलं अमेरिकन कंपनीने, तेही हिटलर मेल्यावर, त्यामुळे ती कथा उभीच राहत नाही. वेदनेला लॅटिनमध्ये 'डोलोर' म्हणतात, त्याच्याशी या नावाचं नातं आहे.

व्यसनाच्या उपचारात ते आलं १९६४ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल हे चयापचयाचे अभ्यासक, मेरी निस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ आणि मेरी जीन क्रीक ही तरुण डॉक्टर हेरॉइनच्या रुग्णांवर काम करत होते. आधी त्यांनी मॉर्फिन देऊन पाहिलं. रुग्ण एकतर पेंगायचे, नाहीतर पुढच्या डोसची वाट पाहत बसायचे. मेथाडोन सुरू केल्यावर त्यांची बोलणीच बदलली. कुणी चित्रं काढायला लागला, कुणी शिक्षण पुरं करायचं म्हणू लागला. पुढच्या वर्षी डोल आणि निस्वांडर यांनी अवघ्या २२ रुग्णांचा अहवाल अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला आणि त्यावर जगभरची उपचारपद्धत उभी राहिली. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली.

या औषधाचा गुण म्हणजे त्याचा संथपणा. हेरॉइन झपकन चढतं आणि झपकन उतरतं, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा माणसाची चढ-उतार होते. मेथाडोन तोंडाने घ्यायचं, ते हळू चढतं आणि शरीरात टिकून राहतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी एक दिवस लागतो. मात्र ही सरासरी फसवी आहे. कुणाच्या शरीरात ते ८ तासांत निम्मं होतं, तर कुणाला ५९ तास लागतात. म्हणून दोघांना एकच मात्रा देऊन एकच परिणाम मिळेल अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याचा डोस 'चाखून' पाहणारा माणूस जिवाशी खेळत असतो. उपचार सुरू करतानाचे पहिले काही आठवडेही त्याच कारणाने जोखमीचे असतात. आजचा डोस संपायच्या आत उद्याचा पोटात जातो आणि साठा वाढत राहतो.

आता सोडण्याकडे येऊ. मुंबईच्या गर्दुल्ल्यांच्या भाषेत माल न मिळाल्यावर होणाऱ्या त्रासाला 'टर्की' म्हणतात. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर (अशुद्ध हेरॉइन), म्हणजे गर्द, मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा हा शब्द मराठीत आला. लेखक अनिल अवचटांच्या लिखाणातून तो पांढरपेशा घरांपर्यंत पोचला आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. टर्की म्हणजे काय होतं, ते त्या काळापासून आपल्याकडे पुष्कळांना ऐकून माहीत आहे: सतत जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, घाम, उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, पाय स्वस्थ न ठेवता येणं, रात्ररात्र डोळा न लागणं.

हे सगळं एकदम का होतं? एक दार डोळ्यांपुढे आणा. बाहेरून एक जण ते दाबून धरतोय, म्हणून आतला तितक्याच जोराने ढकलतोय. दार हलत नाही, घरात सगळं शांत वाटतं. बाहेरचा अचानक बाजूला झाला तर आतला तोंडावर आपटतो. अफूवर्गी औषध मेंदूतल्या, आपल्याला जागं आणि सावध ठेवणाऱ्या यंत्रणेला दाबून धरतं. यंत्रणा महिनोन्‌महिने उलटा जोर लावायला शिकते. औषध गेलं की तो जोर मोकळा सुटतो, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते, आतडी पळतात. बाहेरच्या माणसाने रोज बोटभर मागे सरकायचं आणि आतल्याला जोर कमी करायला सवड द्यायची, एवढंच मेथाडोन सोडण्याचं शास्त्र आहे. सगळा वाद 'बोटभर' म्हणजे किती यावरच असतो.

गर्द बंद झाल्यावर ८ ते २४ तासांत टर्की सुरू होते आणि ४ ते १० दिवस चालते. मेथाडोनची सुरू व्हायला दोन दिवसही लागतात आणि ती १० ते २० दिवस रेंगाळते. झोप तर त्यानंतरही कित्येक आठवडे बिनसलेली राहते. 'हेरॉइनपेक्षा मेथाडोन सोडणं वाईट' असं रुग्ण म्हणतात ते याच अर्थाने. झटका सौम्य असतो, पण लांबण अशी की धीर सुटतो. घरच्यांची गफलत याच ठिकाणी होते. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही म्हणून ते निर्धास्त होतात आणि तिसऱ्या रात्री गाडी काढून डॉक्टरकडे पळतात.

सावकाश म्हणजे किती सावकाश? ब्रिटनमध्ये घरी राहून मात्रा उतरवायची असेल तर साधारण १२ आठवडे आणि रुग्णालयात दाखल होऊन ४ आठवडे असा अंदाज मार्गदर्शक सूचनांत दिलेला असतो. अमेरिकेत आणि कॅनडात वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ घेतला जातो. एका पायरीला चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के कमी करायचे आणि पुढची पायरी एक ते चार आठवड्यांनी, हा सर्वसाधारण हिशेब. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मात्रा उतरवण्याचे जे प्रयत्न झाले त्यांपैकी सुमारे १३ टक्केच यशस्वी ठरले होते. बारा आठवड्यांच्या आत उरकलेल्यांपेक्षा वर्षापर्यंत वेळ लावणाऱ्यांना यश कितीतरी जास्त मिळालं आणि वर्षाहून अधिक लावणाऱ्यांना सर्वांत जास्त. हा तेरा टक्क्यांचा आकडा निराश करणारा वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो. 'एकवीस दिवसांत कायमची सुटका' अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून माणूस निघणार असेल, तर त्याआधी हा आकडा त्याच्या कानावर पडलेला बरा.

टक्क्यांचा हिशेब मुद्दाम सांगितला. लाख रुपये पगारातून दहा हजार कापले तर घर कुरकुरतं, वीस हजारांतून दहा हजार कापले तर चूल बंद पडते. शंभर मिलिग्रॅमवरून नव्वदवर येणं बहुतेकांना जमतं, पुष्कळांना कळतही नाही. वीसवरून दहावर येणं म्हणजे निम्मी मात्रा एका फटक्यात जाणं. म्हणून वरच्या टप्प्यावर दहा-दहा किंवा पाच-पाच मिलिग्रॅमच्या पायऱ्या चालतात, खाली आल्यावर दोन-दोन, शेवटी एक-एक. पातळ औषधाचा इथे फायदा होतो, कारण थेंब मोजता येतात. नेमका या टप्प्यावर माणूस उतावळा झालेला असतो. 'आता काय, वीसच तर उरलंय' म्हणून तो उडी मारतो. चांगला डॉक्टर इथे पायरी लांबवतो. महिना-दोन महिने एकाच मात्रेवर थांबावं लागलं तरी ते हरणं नव्हे. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, पुन्हा एकदा पुडी घेतली गेली, तर मात्रा थोडी वर न्यावी लागते, तीही न्यावी. काही ठिकाणी रुग्णाच्या संमतीनेच 'न सांगता' मात्रा उतरवतात. आज किती दिलं हे त्याला कळू देत नाहीत, कारण आकडा ऐकूनच पोटात गोळा येणारी माणसं असतात.

सोबतीला औषधं असतात, पण ती आधारापुरती. क्लोनिडीन आणि त्याचं भावंड लोफेक्सिडीन आतल्या माणसाचा जोर थेट कमी करतात. अंगावरचा काटा, घाम, धडधड त्यांनी उतरते. मात्र रक्तदाबही उतरतो, तेव्हा दाब मोजल्याशिवाय आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नयेत. उलट्या-जुलाब असतील तर साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस, पेज, ताक, मऊ भात हे साधे उपाय क्षुल्लक समजू नका. टर्कीने माणूस मरत नाही हे म्हणणं निरोगी, पाणी पिऊ शकणाऱ्या माणसापुरतं खरं आहे. अमेरिकेतल्या तुरुंगांत उलट्या-जुलाबांकडे दुर्लक्ष झाल्याने कैदी शरीरातलं पाणी आटून मेल्याची उदाहरणं आहेत.

घरगुती शहाणपण मात्र जपून वापरावं. जुलाबाची लोपेरामाइड ही गोळी मुळात अफूवर्गी आहे. टर्की मारायला लोक ती मूठभर खातात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये तसा इशाराच दिला. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून ट्रामाडोल हे वेदनाशामक मिळवायची सवय होती. २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, सवय मात्र पुरती गेलेली नाही. ट्रामाडोल जास्त झालं तर फेफरं येऊ शकतं. झोपेसाठी घेतलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि दारू ही सगळ्यांत वाईट संगत. मेथाडोनही श्वास मंद करतं, या गोळ्याही करतात, आणि दोघांची बेरीज साधी राहत नाही. या गोळ्यांची आधीपासून सवय असेल तर त्या आणि मेथाडोन एकदम सोडायला जाऊ नये. झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्याने फिट येते आणि ती खरोखर जीव घेऊ शकते. आधी कुठलं सोडायचं ते डॉक्टरने ठरवायचं.

मेथाडोनमुळे काहींच्या हृदयाच्या विद्युत-आलेखातला एक टप्पा लांबतो, म्हणून मात्रा मोठी असेल तर ईसीजी काढतात. उलटी थांबवायला सर्रास दिली जाणारी ऑनडॅनसेट्रॉन हीसुद्धा तोच टप्पा लांबवते. म्हणजे टर्कीत उलटी झाली, गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात, तर 'मी मेथाडोनवर आहे' हे पहिलं वाक्य असायला हवं. लाजेने तेच शेवटी येतं, किंवा येतच नाही.

या लाजेची सर्वांत महाग किंमत क्षयरोगात मोजावी लागते. क्षयावरचं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की मेथाडोन भराभर मोडून जातं. मात्रा तीच, बाटली तीच, पण क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन आठवडा होत नाही तोच माणूस टर्कीने तळमळायला लागतो. क्षयाच्या डॉक्टरला मेथाडोन माहीत नसतं, मेथाडोनवाल्या डॉक्टरला क्षय माहीत नसतो, आणि रुग्णावर शिक्का बसतो 'जास्त मागतोय, बाहेर काहीतरी चालू असणार'. त्रास असह्य झाला की तो क्षयाच्या गोळ्या टाकून देतो. फिटांवरचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ यांचाही हाच खेळ. उलट बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल मेथाडोन वाढवतं. यातलं एक वळण विसरलं जातं. क्षयाचा कोर्स संपतो, रिफॅम्पिसिन बंद होतं, यकृत पूर्ववत होतं, आणि मधल्या काळात वाढवलेली मात्रा आता जड पडू लागते. अशा माणसाने मेथाडोन उतरवायला घेण्याआधी बाकीची सगळी औषधं एका कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवावीत.

गर्भवतीने मेथाडोन सोडायला जाऊ नये. आईला टर्की लागली की पोटातल्या बाळालाही लागते, आणि आई परत रस्त्यावरच्या पुडीकडे वळण्याची भीती असते ती वेगळीच. उपचार चालू ठेवायचा, कधीकधी मात्रा वाढवायचीही. जन्मानंतर बाळाला काही दिवस त्रास होऊ शकतो, पण तो ओळखता आणि बरा करता येतो. सासूबाईंना हे पटवणं औषधापेक्षा अवघड, हे मान्य.

मेथाडोनवरून थेट शून्यावर येण्याऐवजी मध्ये एक पायरी घेता येते. ती म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ही जिभेखाली विरघळवायची गोळी. ती मेंदूतल्या त्याच जागांना घट्ट चिकटते, पण तिचा जोर एका मर्यादेपुढे वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याची भीती कमी. गोम अशी की ती इतकी घट्ट चिकटते की आधी बसलेल्या मेथाडोनला हाकलून देते. अंगात मेथाडोन भरलेलं असताना गोळी घेतली तर अर्ध्या तासात सोडण्याचा सगळा त्रास एकदम उसळतो. म्हणून मेथाडोन आधी ३० मिलिग्रॅमच्या आसपास आणायचं, मग निदान एक दिवस, बहुधा त्याहून जास्त थांबायचं, टर्कीची लक्षणं डॉक्टरला डोळ्यांनी दिसायला लागली की पहिली गोळी द्यायची. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये दुसरी वाट दाखवली. मेथाडोन चालू ठेवून ब्युप्रेनॉर्फिन अगदी कणाकणाने सुरू करायचं आणि रोज वाढवत न्यायचं. आता ती बऱ्याच देशांत वापरतात. यातलं काहीच घरी बसून करण्याजोगं नाही.

भूल देऊन बेशुद्धीत 'एका रात्रीत टर्की' काढणाऱ्या महागड्या इस्पितळांबद्दल एवढंच सांगतो की त्यात मृत्यू झालेले आहेत आणि पुढे टिकून राहण्याला त्याचा उपयोग दिसलेला नाही.

सुरुवातीला जो खरा धोका म्हटला, तो आता. मेथाडोन घेणाऱ्याचं शरीर अफूवर्गी औषधांना सरावलेलं असतं. नवख्या माणसाचा श्वास थांबवील एवढी मात्रा घेऊन तो बस चालवतो. औषध बंद झालं की हा सराव काही दिवसांत उतरू लागतो आणि काही आठवड्यांत जवळजवळ नाहीसा होतो. ओढ मात्र तिथल्या तिथे असते. वाईट दिवस येतो, जुना मित्र भेटतो, आणि हात जुन्याच मापाने पुडी ओततो. मनाला आठवणारं माप शरीर विसरलेलं असतं. तुरुंगातून सुटलेल्यांचे, केंद्रातून 'स्वच्छ' होऊन घरी आलेल्यांचे पहिल्या काही आठवड्यांतले मृत्यू बहुतांशी असे होतात. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांच्या अभ्यासांची गोळाबेरीज छापून आली. मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, आणि उपचार सुटल्यावर सुमारे ३६. सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे त्यात सर्वांत वाईट.

हा आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की 'कधी सुटणार' या प्रश्नाचा रोख बदलतो. काही माणसं वर्षानुवर्षं मेथाडोन घेतात, नोकरी करतात, मुलं वाढवतात. मधुमेहाच्या गोळीला आपण व्यसन म्हणत नाही. ज्याला सोडायचंच आहे त्याने जरूर सोडावं, पण कारण त्याचं स्वतःचं असावं. बहिणीचं लग्न जवळ आलंय, व्हिसाची मुलाखत आहे, सोसायटीत कळेल, या कारणांनी उतरवलेली मात्रा बहुधा परत चढते. निदान काही महिने बाहेरचा माल बंद असलेला, राहायला जागा, हाताला काम आणि बोलायला एक तरी माणूस असलेला, हे तयारीचं साधं माप.

मग उपचार शोधायचा कुठे? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला सोपं आहे. केंद्र सरकारची १-८००-६६२-४३५७ ही फुकट हेल्पलाइन दिवसरात्र चालते आणि राहत्या भागातल्या दवाखान्यांची नावं देते. तिथे व्यसनावरचं मेथाडोन फक्त मान्यताप्राप्त दवाखान्यातच मिळतं. पूर्वी रोज पहाटे तिथे हजर व्हावं लागे. कोविडच्या काळात घरी न्यायच्या बाटल्यांची सवलत आली आणि २०२४ मध्ये ती नियमांत कायम झाली, स्थिर रुग्णाला २८ दिवसांपर्यंतचं औषध घरी नेता येतं. ब्रिटनमध्ये स्थानिक व्यसन-उपचार सेवेकडे स्वतःहून जाता येतं, चिठ्ठी लागतेच असं नाही, आणि औषध कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतं.

यांतलं कुणी महिनाभर सुट्टीला सांगली-साताऱ्याला येणार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरशी बोलावं. भारतात मेथाडोन मोजक्या ठिकाणीच मिळतं. इथे २०१२ च्या सुमारास मुंबईच्या केईएमसह काही सरकारी रुग्णालयांत ते प्रायोगिक पातळीवर सुरू झालं. २०१५ मध्ये सरकारने त्याला मॉर्फिनच्या जोडीने अत्यावश्यक अंमली औषधांत घातलं, त्याने कर्करोगाच्या वेदनांसाठी ते मिळणं काहीसं सोपं झालं. पण गल्लीतल्या दुकानात ते मिळत नाही, आणि सामानातून आणायचं तर डॉक्टरचं पत्र, मूळ चिठ्ठी आणि दूतावासाकडे आधी केलेली चौकशी हवी.

इथल्या उपचाराचा कणा ब्युप्रेनॉर्फिन आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे २ कोटी २६ लाख लोकांनी वर्षभरात अफूवर्गी पदार्थ घेतल्याचं आढळलं. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची केंद्रं आहेत. तिथे नर्स गोळी कुटून भुगा करते, तो माणसाच्या जिभेखाली ठेवते आणि विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून घेते. औषध फुकट असतं. काही सरकारी रुग्णालयांत 'एटीएफ' नावाची व्यसन-उपचार केंद्रं आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत. राष्ट्रीय पातळीवर एम्सचं गाझियाबादचं केंद्र आणि बंगळुरूचं निम्हान्स. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि मन खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानस. पोलिसांची भीती पुष्कळांना मागे खेचते. अंमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमानुसार सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

खासगी केंद्र निवडताना बाग आणि योगवर्ग पाहून भुलू नका. फोनवर एकच प्रश्न विचारा: माणूस मेथाडोनवर आहे, तुम्ही पहिल्या दिवशी काय कराल? 'आमच्याकडे कसलंही औषध चालत नाही, आल्या आल्या सगळं बंद' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. रात्री डॉक्टर असतो का, दाराला बाहेरून कुलूप असतं का, घरच्यांना भेटू देतात का, तेही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो. अशा केंद्राला नोंदणी लागते आणि रुग्णाला साखळीत ठेवण्याला कायद्याची मनाई आहे. घरी आल्यावर पुढे काय, हा प्रश्न तर विचारायलाच हवा. आठवड्याची भेट, समूहाची बैठक, गरज पडली तर परत औषध सुरू करण्याची मुभा, यातलं काहीच नसेल तर ते केंद्र माणसाला त्या चार आठवड्यांच्या तोंडाशी आणून सोडतं.

शेवटचा डोस संपण्याआधी घरात आणखी एक गोष्ट ठरलेली असावी, ती म्हणजे नॅलोक्सोन. मेंदूतल्या जागांवरून अफूवर्गी औषधाला हुसकावून श्वास परत आणणारं हे औषध. ते कसं मिळवायचं आणि कसं द्यायचं हे डॉक्टरकडून शिकून घ्यायचं, पण ते शिकायचं बायकोने, भावाने, खोलीतल्या जोडीदाराने. ज्याला ते लागणार तो स्वतः टोचून घेण्याच्या अवस्थेत नसतो. ओठ निळे पडलेत, घोरण्यासारखा घरघर आवाज येतोय, हलवून जाग येत नाही, एवढं दिसलं की भारतात १०८ ला फोन, औषध, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तोंडाने श्वास. मग तो डोळे उघडेल, चिडेल, 'मला काही झालं नाही, घरी जाऊ द्या' म्हणेल. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि मेथाडोन अंगात दिवसभराहून अधिक राहतं. त्याला रात्रभर रुग्णालयातच ठेवा आणि कुणीतरी जागं राहा.